निळे ते आपले

गोजरबाईंची सून बनुबाई, बनुबाईंची सून चांगुणाबाई आणि चांगुणाबाईंची सून मी, जयमाला. चार पिढ्यांत आमच्या घरातल्या एकाही बाईने कुणाला रस्ता विचारलेला नाही. गोजरबाई अवसेच्या अंधारात बैलगाडी हाकत शेवगावच्या बाजाराला पोहोचल्या होत्या. बनुबाई गंगास्नानासाठी पायी पुणतांब्याला गेल्या. वाटेतली तीन गावे त्यांना दोनदा लागली, पण ती आवडली म्हणून त्या पुन्हा गेल्या, असेच आमच्यात सांगतात. चांगुणाबाईंनी तर लग्नानंतर माहेरचा रस्ताही कुणाला विचारला नाही. त्यांच्या सासूबाईंनी तो कधी सांगितलाही नाही, हा भाग निराळा.

माझी तयारी या तिघींहून वरची. आमचे यजमान सोपानराव मोजणी खात्यात होते. लोकांच्या घरी पाटावर ताटे मांडतात, आमच्याकडे गावनकाशे उलगडलेले असत. उत्तर दिशा, प्रमाण, शीव, गाडीवाट, सारे काही त्यांनी मला शिकवले आणि शेवटी एक गुरुमंत्र दिला: "नकाशावर निळं दिसलं की बिनधास्त चालायचं. निळ्याला सातबारा नसतो, कुंपण नसतं आणि बांधावरून भांडायला कुणी येत नाही. निळं ते आपलं."

जामखेडच्या भागात हा मंत्र कधी खोटा ठरला नाही. आमच्याकडे नकाशावरची निळी रेघ म्हणजे नदी आणि नदी म्हणजे गावातला सर्वांत रुंद रस्ता. तिच्यातून टेम्पो जातात, शेळ्या जातात, पोरे क्रिकेट खेळतात. आणि एखाद्या वर्षी पाणी आलेच, तर पाहुणा बघायला जावे तसे लोक ते बघायला जातात.

याच नदीवरून आमच्या विहीणबाईंचे आणि माझे एक खाते उघडले गेले. ते आधी सांगितले पाहिजे.

माझी मुलगी दीपा कोकणात दिली, खाडीकाठच्या वेळणे गावी. तिच्या सासूबाई इंदुमतीबाई वऱ्हाड घेऊन आमच्या वाडीला निघाल्या, तेव्हा त्यांची बस फाट्यावर बंद पडली. बाकीचे वऱ्हाडी सावलीला बसले. इंदुमतीबाई म्हणाल्या, मी पुढे होते. कुणीतरी त्यांना सांगितले, "नदी ओलांडली की डाव्या हाताला वळा. मांडव तिथंच हाय." बाई निघाल्या. त्यांनी नदी ओलांडलीसुद्धा. परंतु कोकणातल्या बाईला ती नदी आहे हे कळावे कसे? तिच्यात दोन टेम्पो उभे होते आणि कांदा पसरलेला होता. बाई नदी शोधत सरळ चालत राहिल्या, त्या पार बीड जिल्ह्याच्या हद्दीला जाऊन टेकल्या.

शेवटी आम्ही कांद्याचा टेम्पो पाठवला. नवऱ्या मुलाची आई पैठणी नेसून, कांद्याच्या गोण्यांवर बसून मांडवात आली. मी बँडवाल्यांना थांबायची खूण केली आणि साऱ्या गावासमोर म्हणाले, "विहीणबाई, नदी डोळ्यांना दिसली नाही, तर निदान पायांना तरी कळायची."

मांडव हसून हसून खाली यायचा बाकी राहिला. इंदुमतीबाईंनी पदरावरची कांद्याची साले शांतपणे झटकली.

"हे देणं माझ्याकडे राहिलं, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "फेडल्याशिवाय मरायची नाही."

पुढे दीपाला मुलगी झाली, तिचे नाव निकिता ठेवले, निकिता मोठी होऊन नोकरीलाही लागली. पण देणे काही फिटले नाही. मी मात्र दर दिवाळीला फोन करून न चुकता विचारत असे, "काय विहीणबाई, नदी सापडली का?"

या वर्षी निकिताचे लग्न निघाले. लग्न वेळण्यालाच, दीपाच्या घरी, गोरज मुहूर्तावर. आमच्यात नवरी मामाने आणलेली पिवळी साडी नेसूनच बोहल्यावर चढते. ही साडी घेऊन आम्ही आदल्या दिवशी जामखेडहून निघालो: मी, निकिताचा मामा म्हणजे माझा मुलगा महेंद्र, सून अश्विनी, इतर पाच-सहा नातलग आणि आमच्याकडे वर्षानुवर्षे शेती पाहणारा गहिनीनाथ. मुक्काम खाडीच्या अलीकडे, आंबेखोल गावच्या एका लॉजवर. साडी माझ्या पिशवीत होती. अशी वस्तू मी पुरुषांच्या हाती देत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी विहीणबाईंचा फोन आला.

"पूल लांब आहे, वळसा पडतो. पण गाडीनंच या हो. आमचा किनारा तुम्हाला नवा. उगाच चुकाल."

चुकाल. हा शब्द त्यांनी मला वापरला. मी फोन ठेवला आणि महेंद्रला सांगितले, "तुम्ही सगळे गाडीनं जा. मी किनारा पाहत पायी येते."

"आई, गाडी दारात उभी आहे," महेंद्र म्हणाला.

"उभी आहे ना? मग ती बसायच्या आत निघा."

तो निघाला. अश्विनीने मला एकटी सोडायला नकार दिला, आणि गहिनीनाथला समुद्र पाहायचा होता. आता प्रश्न उरला नकाशाचा. वाचकहो, अनोळखी किनाऱ्यावर पायी फिरायचे असेल तर नकाशा पारखूनच घ्यावा. वांगी घेतो तसा, उलटसुलट करून. मी लॉजच्या पलंगावर चार नकाशे मांडले.

पहिला लॉजवाल्याने दिलेला, रंगीत. त्यावर एक डॉल्फिन काढला होता. मी वितीने मोजले, तर तो मासा दोन गावे आणि एक शाळा मिळून होईल एवढा लांब निघाला. ज्या नकाशावर मासा गावापेक्षा मोठा, तो बालवाडीत लावावा.

दुसरा अश्विनीच्या मोबाईलमधला. त्यातून एक बाई बोलत होती: डावीकडे वळा, सरळ जा, मागे फिरा.

"बंद कर ते," मी म्हणाले. "घरात हुकूम सोडायला एक बाई पुरते."

"ते मला ठाऊक आहे, आई," असे म्हणून अश्विनीने तो आवाज बंद केला. तिच्या बोलण्यात काही खोच होती की काय, याचा विचार मी पुढे ढकलला.

तिसरा लग्नपत्रिकेच्या मागे छापलेला, खुद्द विहीणबाईंनी काढून दिलेला. त्यात रस्ता अजगरासारखा पुलावरून फिरून गेला होता आणि खाली ठळक अक्षरांत सूचना होती: 'कृपया खाडीतून येऊ नये.'

"पाहिलंस?" मी अश्विनीला म्हणाले. "म्हणजे खाडीतून येता येतं, हे बाईंनीच कबूल केलं. ज्या वाटेनं येऊ नका असं विहीण लिहिते, ती वाट जवळची असणारच."

चौथा नकाशा हा खरा नकाशा. दीपाचे लग्न ठरले तेव्हा मुलीचे सासर नेमके कुठे पडते हे कळावे म्हणून सोपानरावांनी मुद्दाम मिळवलेला, पाठीला कापड चिकटवलेला. उत्तर दिशा जागच्या जागी, प्रमाण स्वच्छ, मासा एकही नाही. त्यावर आंबेखोल आणि वेळणे यांच्यामध्ये एक रुंद निळा पट्टा होता, आणि पट्ट्याच्या मधोमध देवळाची खूण. मी करंगळी ठेवून पाहिली. इकडून देऊळ अर्धी करंगळी, देवळापासून वेळणे अर्धी करंगळी.

"निळं ते आपलं," मी म्हणाले.

"आई, निळं म्हणजे इथं पाणी असतं."

"अश्विनी, तुझं माहेर शेवगावचं. तुमच्याकडे धरणाचं पाणी आलं, म्हणून तुम्हाला निळ्याची भीती. आम्ही जामखेडची माणसं."

दुपारी आम्ही खाडीवर पोहोचलो आणि माझ्या मनातली होती नव्हती ती शंकाही फिटली. समोर लांबच लांब ओली वाळू पसरलेली. मध्ये एका उंचवट्यावर काळा खडक आणि त्यावर लहानसे देऊळ, नकाशात होते तिथेच. काठावर चार-पाच होड्या कुशीवर आडव्या पडल्या होत्या. ते दृश्य पाहून मला गलबलून आले.

"यांच्याकडेही यंदा पाऊस कमी झालेला दिसतो," मी म्हणाले.

गहिनीनाथ वाकून वाळू चाचपत होता. "पानी आटून लई दिस झाले न्हाईत, आक्का. वल हाय आजून. हितं हरभरा मस्त आला असता."

"मोबाईलवर हे सगळं पाणी दाखवतंय," अश्विनी हळूच म्हणाली.

"मोबाईल जुना आहे तुझा."

आम्ही चालू लागलो. काय सांगू वाचकहो, असा रस्ता मी जन्मात तुडवला नव्हता. धूळ नाही, काटा नाही, बांध नाही. लहान लहान खेकडे बाजूला होऊन वाट देत होते, मानकऱ्यांना द्यावी तशी. मध्ये एका ओघळातून जावे लागले, तिथे घोट्याएवढे पाणी होते. गहिनीनाथने त्यातले चूळभर तोंडात घेतले आणि लगेच थुंकले.

"खारट हाय ओ. कुनाची तरी बोर बिघडली वाटतं."

देवळापाशी पोहोचलो. खडकाच्या सावलीत बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली. जवळच एक बाई खडकाला चिकटलेल्या शिंपल्या, म्हणजे कालवे, फोडून डब्यात भरत होती. तिने घाईने डबा उचलला, साडीचा काचा मारला आणि वेळण्याच्या दिशेने चालू लागली. जाताना आमच्याकडे वळून म्हणाली, "आजी, बसलात काय? उठा बेगीन. पानी येतंय."

मी तिला काही विचारलेले नव्हते, याची कृपया नोंद घ्यावी. तिने आपणहून सांगितले. पण ते ऐकून आमचे काय झाले, ते देशावरच्या माणसालाच कळेल. पाणी येतंय! ज्या भागात कालव्याच्या आवर्तनासाठी, म्हणजे धरणातून पाणी सुटायच्या पाळीसाठी, माणसे महिनामहिना वाट पाहतात, मोर्चे काढतात, तिथल्या माणसाला 'पाणी येतंय, उठा' असे कुणी सांगितले तर तो उठेल का? तो पाणी बघायला नीट मांडी घालून बसेल.

"कुठल्या धरणाचं सुटलं?" मी ओरडून म्हणाले; विचारले नाही, म्हणाले. पण ती बाई लांब गेली होती.

"आवर्तन सुटलं, आक्का!" गहिनीनाथच्या डोळ्यांत पाणी तरळले. "आता बघूनच जाऊ. पैल्या पान्याची वटी भरली पायजे."

हे त्याचे म्हणणे रास्त होते. नव्या पाण्याला पाठ दाखवून जायचे, ही आमच्याकडची रीत नव्हे. माझ्या पिशवीत रुखवताचा नारळ होता, हळदकुंकू होते, खण होता. आम्ही खडकाच्या काठाशी उतरलो. पाणी आले. पातळ, चकचकीत, वाळूवरून सरसरत. मी त्याला हळदकुंकू वाहिले, नारळ अर्पण केला, खण सोडला. गहिनीनाथने 'गंगामाई की जय' म्हणून घेतले. अश्विनीनेही हात जोडले. परंतु ती डोळे उघडे ठेवून होती.

"आई," ती म्हणाली, "पाणी कुठल्या बाजूनं येतंय?"

मी पाहिले. माझ्या साऱ्या आयुष्यात पाणी वरून खाली आले आहे. डोंगराकडून येते, उताराकडे जाते. हे पाणी समुद्राकडून डोंगराकडे चालले होते, आणि तेही घाईघाईने, उशीर झालेल्या पाहुण्यासारखे.

"उलटं आलंय," गहिनीनाथ म्हणाला. "चुकलं आसंल."

"चुकलं असेल तर परत जाईल," मी म्हणाले. "थोडं थांबू."

थांबलो. ते परत गेले नाही. मी वाहिलेला नारळ मात्र परत आला आणि माझ्या पायाशी येऊन दोनदा आपटला. आम्ही एक पायरी वर चढलो. नारळही एक पायरी वर आला. ज्या वाळूवरून आम्ही आलो होतो, ती आता दिसत नव्हती. आणि जिच्यावरून जायचे होते, तीही दिसत नव्हती. काठावर आडव्या पडलेल्या होड्या एकेक करून उठून उभ्या राहिल्या, जणू कुणी त्यांना हजेरीला बोलावले होते.

आम्ही देवळाच्या ओट्यावर चढलो. मी पिवळी साडी पिशवीतून काढून डोक्यावर धरली. पलीकडच्या काठावर वेळण्याचा मांडव स्पष्ट दिसत होता. झालर दिसत होती, खुर्च्या दिसत होत्या. तिथे माझी नात न्हाऊन, केस वाळवून, साडीची वाट पाहत बसली असणार. मुहूर्त टळला तर? दुसरी साडी नेसून ती बोहल्यावर चढली तर? पोरीच्या आयुष्यातला एवढा एकच क्षण मामाच्या घरचा असतो, आणि तो मी डोक्यावर घेऊन समुद्रात उभी होते.

"मोबाईलवर आपण कुठे आहोत?" मी अश्विनीला म्हणाले.

तिने पडदा माझ्यापुढे धरला. सगळा पडदा निळा होता आणि त्यात एक ठिपका होता. "हे आपण. निळं ते आपलं."

सून चांगली आहे माझी. पण तो प्रसंग नव्हता.

"फोन करा, आई."

"महेंद्रला कर."

"तो काय करणार? त्याला पोहता येत नाही. इंदुमतीकाकूंना करा."

मी नकाशाकडे पाहिले. मी साडीकडे पाहिले. मनातल्या मनात गोजरबाई, बनुबाई आणि चांगुणाबाई तिघींची क्षमा मागितली आणि फोन कानाला लावला.

"कुठवर आलात, विहीणबाई?" पलीकडून आवाज आला. "महेंद्र तर केव्हाच पोहोचले."

"नकाशाप्रमाणे अगदी बरोबर जागी आहोत."

"म्हणजे कुठे?"

"देवळात."

"कुठल्या देवळात?"

मी मोकळ्या हाताने साडी आणखी उंच धरली. मग कुणीतरी मांडवातून काठाशी धावत आल्यासारखा आवाज आला, आणि दूरवर, वेळण्याच्या काठावर, हिरव्या पैठणीचा एक ठिपका उमटला. ठिपक्याने डोळ्यांवर आडवा हात धरला.

"डोक्यावर पिवळं काय आहे?"

"निकिताची साडी."

"कोरडी आहे?"

"अजून आहे. विहीणबाई," मी म्हणाले, "तुमच्याकडे यायची वाट कोणती?"

चार पिढ्यांत पहिल्यांदा आमच्या घरातल्या बाईने वाट विचारली. देवळातल्या देवानेही ऐकले असणार. तो दोनच हातांवर होता.

विहीणबाई हसल्या नाहीत. हे मी मान्य केले पाहिजे. त्या फक्त म्हणाल्या, "जागच्या हलू नका. घ्यायला येते."

हलून जाणार कुठे होतो? पाणी ओट्याच्या कडेला लागले. गहिनीनाथ सारखा विचारत होता, "आक्का, ह्ये आवर्तन बंद कोन करतं?" सूर्य उतरू लागला. वेळण्याच्या काठावरून होडी काही सुटेना. माणसे धावताना दिसत होती, कुणी काही वाहून आणत होते, चढवत होते, पुन्हा धावत होते.

"एवढा वेळ कशाला लागतोय?" अश्विनी म्हणाली.

एकदाची होडी सुटली. ती अर्ध्या खाडीत आली, तेव्हा उशीर का झाला ते आम्हाला ऐकू आले. होडीत बँड होता. अख्खा लग्नाचा बँड, लाल कोट, सोनेरी झालरी. एक जण ताशा बडवत होता आणि एक जण उभ्याने, तोल सांभाळत, पिपाणी वाजवत होता. मधोमध मासळीच्या क्रेटवर, पैठणीचा पदर खोचून, इंदुमतीबाई बसल्या होत्या. दोन्ही काठांवर गाव गोळा झाले होते.

होडी ओट्याला लागली. विहीणबाईंनी हात वर केला, बँड थांबला. एवढी शांतता की पाण्याचे चुबुक चुबुक ऐकू यावे.

"विहीणबाई," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "खाडी पायांना कळली नाही, तर निदान डोळ्यांना तरी दिसायची."

मग त्यांनी मला हात देऊन होडीत घेतले. आधी साडी घेतली, मग मला. हा क्रम मी विसरलेले नाही, आणि तो बरोबरच होता.

"बँड जमवायला वेळ गेला," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर आधीच आले असते. बसा त्या क्रेटवर. कांद्याच्या गोणीपेक्षा जरा गार लागेल."

मी बसले. बर्फावरच बसवले होते त्यांनी. बँड पुन्हा सुरू झाला. गहिनीनाथ ताशाच्या ठेक्यावर डोलू लागला. घरचा माणूस केव्हा शत्रूला मिळेल, सांगता येत नाही. काठावर दीपा उभी होती, तिने साडी झडप घालून घेतली आणि पळाली. महेंद्र मोबाईलवर चित्रफीत काढत होता. तो माझा मुलगा आहे, हे मी चारचौघांत सांगायचे तूर्त थांबवले आहे.

मुहूर्त साधला. निकिता पिवळी साडी नेसून बोहल्यावर आली तेव्हा साडी कोरडी होती, एकही सुरकुती नव्हती. मासळीचा थोडासा वास होता, पण कोकणात तो शकुनाचा मानत असावेत, असे मी ठरवून टाकले. अक्षता पडल्या. पोर इतकी गोड दिसत होती की क्रेटच्या गारव्याने आखडलेली माझी कंबरसुद्धा सैल झाली.

पंगतीत विहीणबाई स्वतः वाढायला आल्या. माझ्या पानात दोन उकडीचे मोदक ठेवले, वर तुपाची धार धरली, आणि माझ्या शेजारी बसल्या.

"टेम्पोला होडी झाली, बँडला बँड झाला, गावाला गाव झालं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आणखी काही राहिलं का, विहीणबाई?"

मी हिशेब केला. खात्याच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत करून पाहिला. काही राहिले नव्हते.

"फिटलं," मी म्हणाले. "व्याजासकट फिटलं."

त्यांनी माझा तुपाचा हात हातात घेतला आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या इतक्या हसलो की वाढपी थांबून बघू लागले. मग, आता एकदा विचारायला लागलेच आहे तर, असे म्हणून मी हात धुवायचे पाणी कुठे आहे, तेही त्यांनाच विचारून घेतले.